रविवारी पडायचं काम

मी पैलवान होतो असं सांगितलं की नातवंडं आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात. पण होतो खरा. आणि मॉरिशसमध्ये माझ्याइतक्या कुस्त्या कुणी हरला नसेल, हे मी छाती पुढे काढून सांगतो. हरणं हे माझं काम होतं आणि मी ते मन लावून केलं.

आमचं गाव कार्तिए मिलितेरच्या पुढे, उसाच्या मळ्यांत. आठवडाभर मी ऊस तोडायचो. गावच्या आखाड्यात चारदोन कुस्त्या मारल्या होत्या, त्या मात्र खऱ्या. त्यातली एक पोर्ट लुईच्या एका गृहस्थांनी पाहिली. पन्नासच्या दशकातली गोष्ट. हे गृहस्थ दर रविवारी दुपारी एका थिएटरात पडद्यापुढे फळ्या ठोकून कुस्त्या लावायचे. फ्रेंच बोलणारे त्याला कॅच म्हणत. आम्ही त्या गृहस्थांना मालक म्हणायचो. मालकांनी मला जरीचा फेटा आणि काचेचे हिरे लावलेला झगा दिला आणि ‘हिंदुस्थानचा महाराजा’ म्हणून जाहीर केलं. महाराजानं ऐटीत यायचं, प्रेक्षकांकडे तुच्छतेनं बघायचं आणि तिसऱ्या फेरीत डॉकवरच्या एका क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, हमालाकडून आपटून घ्यायचं. लोक तिकीट काढून हे बघायला यायचे. मळ्याच्या साहेबाला पाडणं कुणाला जमत नव्हतं, मग लोक महाराजावर भागवत.

कॅचमध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं. ते कुणाला सांगायचं नाही, हा तिथला एकच नियम. बोलला त्याचं काम गेलं. मला हा नियम सोयीचाच होता. आमच्या घरी कुस्ती म्हणजे मारुतीला नमस्कार करून मातीत उतरायची गोष्ट. हरलेला मुलगा आईला चालला असता, ठरवून पडणारा चालला असता की नाही याची मला शंका होती. म्हणून मी तोंड मिटून पडत राहिलो.

गावानं माझं हरणं फारच मनावर घेतलं. देवळाच्या मंडळाची सभा भरली आणि गणपतीच्या मांडवाच्याही आधी माझा विषय निघाला. मराठी गडी दर आठवड्याला आपटतो म्हणजे काय? बरीच चर्चा होऊन असं ठरलं की माझं खाणं कमी पडतंय. मग एका घरून दूध यायला लागलं, दुसऱ्या घरून बदाम, आणि एका काकांनी तर आपला बोकडच माझ्यासाठी कापला. सहा महिन्यांत माझं पिंप झालं. मालक खूश झाले. जड माणूस फळ्यांवर आदळला की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, असं ते म्हणाले. गावाच्या दुधानं एवढंच झालं की माझं हरणं लांबवर ऐकू जाऊ लागलं.

शेवटी आईनं गोष्ट हातात घेतली. गणेश चतुर्थीला सगळ्यांसमोर तिनं देवाला सांगितलं की भात सोडला.

“तू जिकशील तवा खाईन,” मला एवढंच म्हणाली.

आमच्यात भात सोडणं म्हणजे जेवणच सोडणं. ती उकडलेला मायोक खायची, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, आणि वर कपभर चहा. तेवढ्यावर दिवसभर उसात राबायची. मला आधी हसू आलं. फार तर पंधरा दिवस टिकेल, असं वाटलं. आईनं दिवाळी काढली, संक्रांत काढली, महाशिवरात्र काढली. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. रविवारी संध्याकाळी मी बसमधून उतरलो की ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची आणि आत जाऊन मायोक चुलीवर ठेवायची. तिला खरं सांगून टाकावं, असं दर रविवारी माझ्या मनात यायचं. मी तो विचार परतवून लावायचो. तेवढ्या एका कुस्तीत मात्र मी कधी हरलो नाही.

मालकांकडे जाऊन एकदाच जिंकू द्या म्हणून विनवणी केली. त्यांनी आईची आपुलकीनं चौकशी केली आणि सांगितलं की जिंकणारा महाराजा बघायला कुत्रंही येणार नाही.

पुढची ऊसतोडणी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आई मळ्यात चक्कर येऊन पडली. बायकांनी तिला उचलून सावलीत आणलं. मी मळ्याच्या दुसऱ्या टोकाला होतो, पोचेपर्यंत ती पुन्हा कोयता शोधत होती. मला त्या वेळी स्वतःची शिसारी आली.

त्या रविवारी कपडे बदलताना मी हे त्या हमालाला सांगितलं. गेली सहा वर्षं तो मला उचलून आपटत होता आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्याखाली गुपचूप हात घालत होता. इतक्या काळजीनं मला पुढे कुणी सांभाळलं नाही. आई काय खाते, एवढंच त्यानं विचारलं. मायोक, मी म्हणालो. त्यानं बुटांच्या नाड्या बांधल्या.

तिसऱ्या फेरीत त्यानं मला ठरल्याप्रमाणे डोक्यावर उचललं. मी पडायची तयारी केली. पण त्यानं मला हळूच खाली घेतलं आणि कानाशी तोंड आणून आपल्या क्रेओल बोलीत म्हणाला, “तो मामा बिझें मांझे.” तुझ्या आईनं जेवायला हवं. मग तो स्वतःच घसरून माझ्याखाली उताणा झाला. पंच गोंधळला, पण दोन्ही खांदे टेकलेले सगळ्यांना दिसत होते, त्याला तीनपर्यंत मोजावंच लागलं. थिएटरात शिव्यांचा पाऊस पडला.

गावानं मला खांद्यावर घेतलं. सहा जण लागले. आईनं दिवा लावला, तरी भाताला हात लावला नाही. तिच्या वडिलांनी समुद्रापलीकडून एक रीत आणली होती. जिंकलेल्याच्या घरी आधी हरलेला जेवतो, मग घरचे, नाहीतर त्याचा तळतळाट लागतो. म्हणून पुढच्या रविवारी दुपारी मी हमालाला जेवायला बोलावलं.

दोन बस बदलून तो धुतलेला सदरा घालून आला. आईनं त्याला केळीच्या पानावर भात, डाळ आणि भोपळ्याची भाजी वाढली. त्यानं पहिला घास घेतल्यावर ती स्वतः शेजारी पान मांडून बसली. दहा महिन्यांनी तिनं भात कालवला. मला ते बघवेना, मी उगाच पाण्याचा तांब्या भरायला उठलो.

परत आलो तेव्हा तिनं मला विचारलं की आज रविवार, मग ह्याची कुस्ती नाही का. तिला क्रेओल येत होती पण परक्यासमोर ती लाजायची, म्हणून मला विचारायला लावलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खांदा दुखतोय म्हणून सांगितलं. त्याच्या खांद्याला काही झालेलं नव्हतं. मालकांनी त्याला गेल्या रविवारी कुस्ती संपताच काढून टाकलं होतं. मला ठेवलं होतं, कारण महाराजाला आता दुप्पट आपटलेलं लोकांना हवं होतं. चार वाजता एका नव्या गड्याकडून मला पडायचं होतं. मीही आईपुढे खांद्याचंच रेटलं.

आईचा घास हातातच राहिला.

“माज्या नवसापायी ह्याचा खांदा गेला. आता हा जिकंल तवाच भात,” ती म्हणाली आणि पान बाजूला सारलं.

तो त्या फळ्यांवर पुन्हा कधीच चढणार नव्हता. रस्त्यावर माझी दोनची बस भोंगा वाजवून गेली. मी खाली बसलो आणि आईला सगळं सांगितलं. फेटा, तिसरी फेरी, कानातलं बोलणं, त्याचं गेलेलं काम. माझं संपल्यावर ती बोलली.

“धा म्हयने तुला ठाव व्हतं, आन् तू बगत बसलास?”

हमालाला मराठी कळत नव्हती. भातावरून आमचं काही बिनसलं असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं आपलं अर्धं जेवलेलं पान आईपुढे सरकवलं. “जिकला तो हाच,” म्हणत आईनं ते उष्टं पान जवळ ओढलं आणि माझ्याकडे न बघता जेवू लागली.