पत्रिकेतला सी.ए.

माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि माय दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची. जिनिंग चार-पाच महिनेच चालायचं. बाकीच्या दिवसांत आम्हा तिघा भावंडांना संध्याकाळी अर्धी-अर्धी भाकर. चपलांचा जोडही तिघांत एकच. ज्याचा पेपर, त्याच्या पायात. अशा घरातून मी बी.कॉम. झालो, घराण्यातला पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो.

पुढे वर्ध्याला एका सी.ए. साहेबांकडे लागलो. आधी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम शिकायचं, मग परीक्षा. पण आमच्या आंजी गावात एवढी वाट पाहतो कोण? वकिली शिकायला गेलेला पहिल्याच दिवशी वकीलसाहेब, कंपाउंडर तर केव्हाचाच डॉक्टर.

आणीबाणी संपून दोनेक वर्षं झाली असतील. बहिणीचं लग्न ठरलं. बाबांनी पत्रिका छापल्या आणि मला न दाखवता वाटूनही टाकल्या. निमंत्रकांत माझ्या नावापुढे ठळक छापलं होतं : सी.ए. एक पत्रिका तर ते कौतुकानं साहेबांनाच देऊन आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कायद्याचं पुस्तक पुढे सरकवलं. "वाच. मोठ्यानं."

सनदी लेखापाल नसताना तसं मिरवलं, तर पहिल्यांदा दंड. पुन्हा केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. मी पुस्तक मिटलं.

"मी नाही छापलं, साहेब."

"नाव तुझं आहे ना? ज्यांनी ज्यांनी वाचलं, त्यांना खरं काय ते कळलं पाहिजे. नाहीतर इथे येऊ नकोस."

घरी सांगितलं तर बाबा उसळले. "काऊन बे? शिकून राह्यला ना तू? मंग खोटं काय छापलं?"

"झालो नाई ना अजून, बाबा. कैद आहे याच्यात."

चुलीपुढून मायनं विचारलं, "कोनाले? याले का तुमाले?"

बाबा एकदम नरमले. पत्रिका ज्यांना गेल्या, ते सगळे लग्नाला येणारच होते. "भोंगा लावूनच राह्यलो ना मांडवात? त्याच्यावर सांगून टाकतो," ते म्हणाले.

"मंगलाष्टकं होईस्तोवर तोंड उघडू नका," माय म्हणाली.

लग्न लागलं. पंगत बसायच्या आधी बाबांनी माईक धरला. साहेब समोरच होते.

"ऐका हो! पत्रिकेत माह्या हातून चूक झाली. माहा पोरगा सी.ए. नाई. अजून शिकून राह्यला. कोनी त्याले सी.ए. म्हनू नका, कायदा आहे!"

विहीणबाईंनी विचारलं, "मंग आहे तरी काय तो?"

"बी.कॉम. आहे! पास!" बाबा इतक्या जोरात ओरडले, की भोंगा किंचाळला. सारा मांडव हसला. साहेबही पोट धरून हसले आणि पंगतीत बसता बसता मला म्हणाले, "सोमवारी टाइमावर येजो."

मी गेलो. तीन वर्षं पूर्ण केली. परीक्षेत दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा पास झालो. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या सदस्यत्वाचं प्रमाणपत्र पोस्टानं घरी आलं आणि मी सी.ए. झालो.