बिलकीस मेजरचा बडाखाना

आमच्या मराठी मंडळात निवडणूक होत नाही, टाळ्या होतात. जुनी कमिटी नव्या कमिटीची नावं वाचते, म्हणजे बहुतेक स्वतःचीच. सभागृह टाळ्या वाजवतं आणि सगळे बटाटेवड्यांकडे धावतात. दुबईतल्या मराठी माणसाला लोकशाहीपेक्षा गरम वडा प्रिय आहे, हे मी, सुचित्रा, इथल्या अल बर्शा भागात मूल वाढवून आणि मंडळासाठी ढीगभर चकल्या तळून सांगते आहे. त्या टाळ्यांच्या मध्येच हात वर करून सगळ्यांचे वडे थंड करणारी पहिली बाई म्हणजे आमची शेजारीण बिलकीस.

बिलकीस रत्नागिरीची. नर्सिंग शिकली आणि लष्कराच्या नर्सिंग सेवेत गेली. “मुलीची जात, फौजेत कोण पाठवतं?” असं मामांनी विचारलं, तेव्हा “तुम्ही पाठवू नका, मी जाते,” म्हणून तिने बॅग उचलली. लेहच्या लष्करी इस्पितळात काम केलं, मेजर होऊन बाहेर पडली आणि आता इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या नर्सेसची प्रमुख आहे. तिचा नवरा हमदुल्ला जहाजावर होता. पाठीच्या दुखण्याने नोकरी सुटली, तेव्हापासून घर तो सांभाळतो. सुरमई अशी तळतो, की माझा नवरा सुजीत काही ना काही निमित्त काढून त्यांची बेल वाजवतो.

भांडणाला सुरुवात झाली ती दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनमध्ये. तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या पोरांची तब्येत तपासायला बिलकीस गेली होती. निम्मी पोरं मराठी निघाली. एकाने विचारलं, “मॅडम, मंडळाच्या दिवाळीला आम्हाला का घेत नाहीत? आम्ही पण मराठीच ना?”

का घेत नाहीत, ते मी सांगते. आमच्या दिवाळीच्या पोस्टरवर खाली ठळक लिहिलेलं असतं, ‘ओन्ली फॅमिलीज’. बायकापोरं गावी ठेवून आलेला माणूस इथे बॅचलर, मग त्याला चार मुलं का असेनात.

बिलकीस तडक अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष सुरेश सर, विमा कंपनीत मॅनेजर, माणूस गोड. इतका गोड, की नकारसुद्धा पाकात बुडवून देतो.

“सर, फौजेत सणाला बडाखाना असतो,” ती म्हणाली. “अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. आणि जवानांना अधिकारी वाढतात. दिवाळीला तसं करू. त्या पोरांना बोलवू, आपण वाढू.”

“आयडिया सुपर्ब आहे मॅडम. पण बॅचलर क्राउड आला की फॅमिलीज अनकम्फर्टेबल होतात. पॉलिसी आहे आपली.”

“पॉलिसी बदलतं कोण?”

“कमिटी.”

“मग मी कमिटीत येते.”

सुरेश सर हसले. त्यांना वाटलं, विनोद झाला.

वार्षिक सभेत सरांनी नावं वाचली, टाळ्यांसाठी तळहात उघडले आणि बिलकीसचा हात वर गेला. “माझंही नाव घ्या. अध्यक्षपदासाठी.”

मग मागून कोणीतरी पुटपुटलं, “दिवाळी आता ह्या करणार का?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिलकीस मात्र शांतपणे वळली.

“लेहला वॉर्डात दिवाळी केलीय मी. वाऱ्यात पणत्या टिकेनात, म्हणून इंजेक्शनच्या खोक्यांचा आडोसा केला होता. ज्यांच्यासाठी केली, त्यांनी जात विचारली नाही. आणखी काही विचारायचंय?”

सुरेश सरांनी मग पाकाचं भांडं काढलं. “मॅडम, रिस्पेक्ट आहेच. पण रूल सिंपल आहे. ज्याचा व्हिसा, त्याची मेंबरशिप. एका फॅमिलीचं एकच मत. हमदुल्लाभाई उभे राहू देत, आम्हाला आनंदच होईल.”

नियम जुना आहे. इथे नवरा आपल्या व्हिसावर बायकोला आणतो, म्हणून मत नवऱ्याचं आणि चकल्या बायकोच्या. वेगळं काही घडू शकेल, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

हमदुल्ला कमरेवर हात ठेवून सावकाश उठला. “सुरेशभाई, मी कसा उभा राहणार? मी बायकोच्या व्हिसावर आहे.”

सभागृहात खसखस पिकली.

“हसा, हसा,” तो म्हणाला. “मेंबर ती आहे. तुमचाच रूल.”

सरांचा चेहरा उतरला. “ओके, ओके. आपण नेक्स्ट इयर बघू ना, इन्शाल्ला.”

“नेक्स्ट इयर नाही,” बिलकीस म्हणाली. “आत्ता. लोकांना हात वर करायला सांगा.”

तेवढ्यात आमच्या मजल्यावरची आभा उठली. तिच्या नवऱ्याची, तन्मयची, नोकरी गेल्या वर्षी गेली होती. दोघांनी ही गोष्ट झाकून ठेवली होती आणि आम्हीही कळत असून कधी विचारलं नव्हतं. “तन्मय माझ्या व्हिसावर आहे,” ती म्हणाली. “म्हणजे मत माझं. माझं मत बिलकीस मॅडमना.” तन्मय मान खाली घालून बसला होता. मग त्याने मान वर केली आणि पहिली टाळी त्यानेच वाजवली. मला त्या क्षणी दोघांचा फार अभिमान वाटला.

हात वर जाऊ लागले. आमच्या घरचं मत सुजीतच्या हातात होतं आणि तो हात सरांकडे बघत मांडीवर पडून होता. मी म्हटलं, “सुरमई आठव.” हात वर गेला. बिलकीस निवडून आली. उरलेल्या कमिटीत सुरेश सर राहिले, कारण तिनेच त्यांना सोडलं नाही.

दिवाळीच्या दुपारी उम्म अल कुवैनहून बस आली. इस्त्रीचे शर्ट घातलेली पोरं उतरली आणि दारातच थबकली. काही फॅमिलीज आल्या नाहीत. कोणत्या, ते मी नीट लक्षात ठेवलंय.

“यल्ला, आत चला,” बिलकीसने हाक मारली. “पाहुणे दारात उभे राहत नाहीत.”

पोरं बसली. कमिटी वाढायला उभी राहिली. माझी ईशानी माझी ओढणी ओढत म्हणाली, “मम्मा, व्हाय इज सुरेश अंकल सर्व्हिंग?”

“बघत राहा,” मी म्हटलं.

सर पुऱ्यांची परात घेऊन रांगेतून चालले होते. कपाळावर आठी होती. एक पोरगा गडबडीने उठला. “साहेब, राहू द्या, मी घेतो.”

“बस खाली,” बिलकीसने फर्मावलं. “आज साहेब वाढणार.”

पोरगा बसला. सरांनी अवघडून विचारलं, “गाव कुठलं तुमचं?”

“संगमेश्वर.”

“संगमेश्वर?” सरांच्या हातातली पुरी हातातच राहिली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पाक नसलेला मराठी आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “अरे, मी शेजारचा, देवरूखचा! कुठे होतास रे इतकी वर्षं?”

“इथेच होतो, साहेब. उम्म अल कुवैनला.”

सरांनी हातातली पुरी त्याच्या ताटात ठेवली, वर आणखी एक ठेवली.

“सुरेश सर,” हॉलच्या दुसऱ्या टोकाहून मेजरचा आवाज आला, “गप्पा नंतर. पुढच्या ताटात पुरी नाही.”