पाळणेवाल्या मामूंचं तेल

मामूंच्या सदऱ्याचा डावा खिसा कायम तेलकट असायचा. त्यात जवसाच्या तेलाची लहानशी बाटली असे. आमच्याकडे आले, की चहा यायच्या आत दाराच्या बिजागरीला तेल दिलेलं असायचं, कुणी सांगो न सांगो. आईचा पाय मुरगळला तेव्हा तेच तेल, शिलाई मशीन अडलं तेव्हाही तेच. शेजारच्या दोघी जावांचं भांडण पेटलं तेव्हा हे खिशात हात घालून उभे. "इथं कुठं टाकू, सांगा," म्हणाले. भांडण हसण्यावारी गेलं.

अमडापुरात त्यांना सगळे पाळणेवाले मामूच म्हणत. जत्रेतला लाकडी रहाटपाळणा त्यांच्या वडिलांनी घडवलेला, सागवानी कण्याचा, हातानं फिरवायचा. फिरवायला दोन गडी असत आणि मामू खाली उभे राहून वर गेलेल्यांचे चेहरे न्याहाळत. कुणी डोळे मिटलेले दिसले की लगेच फेरा हळू. पोरं बोंबलत, "मामू, जोरात!" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "चढवनं कोनालेबी जमते बे. उतरवनं माह्या अंगावर हाय."

काही वर्षांपूर्वी पंचायतीनं सांगितलं, लाकडी पाळणा यंदा उभा राहणार नाही. कणा चिरला होता, हे मामूंनाही ठाऊक होतं. पण बापाच्या हातचं काम सरपणात घालायचं कसं? बरेच दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी चिखलीच्या एका वेल्डरनं वाट काढली. कणा आणि सगळा सांगाडा लोखंडाचा, बसायचे पाळणे मात्र जुनेच, लाकडी. फिरवायला मोटर आणि थांबवायला ब्रेकचा पट्टा. मामूंनी लोखंडावर हात फिरवून पाहिला. "म्हंजे हाडं नवी अन् अंग आपलंच. चाल्ते!" जुन्या पाळण्यांना पोपटी रंग त्यांनी स्वतः दिला.

जाताना वेल्डरनं बजावलं, "मामू, पाह्यजे तिथं ग्रीस लावेल हाय. तुमी कायबी करू नका." मांजराला दुधाकडे बघू नको म्हणण्यातलाच हा प्रकार! जत्रेच्या सकाळी मामूंनी दिसेल त्या सांध्याला तेल दिलं. ब्रेकचा पट्टा त्यांना फारच कोरडा वाटला. त्यालाही दिलं, अगदी मायेनं.

पहिल्या फेऱ्यात घरचं माणूस बसवायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. मामी बसल्या आणि त्यांच्या शेजारी माझी मुलगी. बाकीचे पाळणेही भरले. फेरे झाले, मोटर बंद केली, खालच्या पाळण्यातली माणसं उतरली. एक बाजू हलकी झाल्याबरोबर चाक उलटं फिरायला लागलं. मामूंनी ब्रेक ओढला तर पट्टा तेलावरून घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. वरून माझी मुलगी किंचाळली आणि मी गर्दी सारत चाकाकडे धावले.

मामू धावत जाऊन वर जाणाऱ्या पाळण्याला लोंबकळले. "फोन ठेवा बे खिशात! धरा इकून!" भजेवाला, बांगडीवाला, कुस्तीला आलेले दोघे पैलवान, सगळे चाकाला चिकटले. चाक थांबलं. पण माणसं उतरली की तोल पुन्हा जाणार. "उतरल्या मानसाच्या जागी पोतं ठेवा!" मामू ओरडले. मुरमुरेवाला आपलं पोतं घेऊन मोठ्या उत्साहानं धावला. "अबे, ते तं फुकलं तं उडते!" त्या धास्तीतही मामूंनी त्याला झापलंच. मग जिलेबीवाल्याची साखरेची पोती आली. एकेक पाळणा करत सगळे सुखरूप उतरले. मुलगी गळ्यात पडली तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

मामू सगळ्यांसमोर म्हणाले, "मशीनचा कसूर नाही. तेल म्या टाकलं." आणि मटकन मातीत बसले. "काढून टाका हा पाळणा. आता कोन बसते याच्यात?" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सर्वांत शेवटी उतरलेल्या मामी पदर झटकत म्हणाल्या, "सारे उतरलो नं? मंग आता काऊन रडून राह्यले? पट्टा बदला."

वेल्डर येऊन पट्टा बदलून गेला. मामूंनी रिकामा पाळणा दिवसभर फिरवून आणि थांबवून पाहिला, नव्या पट्ट्याला मात्र बोटही न लावता, दुरून नुसता बघत. लोक येऊन बघत आणि पुढे जात.

मामू गेल्या हिवाळ्यात वारले, झोपेतच. पाळणा आता जावई चालवतो आणि तो दर जत्रेत भरलेला असतो. पण मला आठवतो तो पट्टा बदलल्यानंतरचा दुसरा दिवस. माझ्या मुलीनं हट्टच धरला, मला पुन्हा बसायचंय. मला ते नको होतं, आणि मामूंच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं. शेवटी हो म्हटलं. ती एकटीच बसली. सगळी जत्रा खाली उभी राहून बघत होती. पाळणा वर गेला, फिरला आणि जिथं थांबायचा तिथं अलगद थांबला. मामूंनी दांडी काढली, तिला हाताला धरून उतरवलं आणि थेट माझ्यापर्यंत आणलं. मी तिचा हात घट्ट धरीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

"घे व पोरी," ते मला म्हणाले, "तुही अमानत."