चिंचेने घासलेल्या किटल्या

नवऱ्याच्या दहाव्याला सुतक फिटलं आणि अक्कांनी घर धुवायला काढलं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. हे घराणं चार पिढ्या म्हैसुरातलं, मी सांगलीहून लग्न होऊन आलेली. सरस्वतीपुरमच्या आमच्या घरातली चादर न् चादर भिजत पडली, पितळी भांड्यांना चिंच लागली, पाण्याचा मातीचा माठ मागच्या दारी नेऊन फोडला. मी सांगतील ते उचलत होते, पुसत होते. मला काही वाटत नव्हतं. लोक येऊन "रडून घे" म्हणत आणि मी त्यांना कॉफी करून देई.

मग अक्का त्याच्या कपाटापाशी थांबल्या.

कपाटात सात किटल्या होत्या. नवरा मेटगळ्ळीच्या कारखान्यात इंजिनिअर, कामासाठी जपानला जायचा आणि दर खेपेला एक घेऊन यायचा. सगळ्या हाताने घडवलेल्या, ओंजळीत मावतील एवढ्या, झिलई न दिलेल्या. मूठ मागे नाही, बाजूला, चहाच्या पातेलीला असते तशी. आत तोटीच्या तोंडाशी मातीतच टोचलेली बारीक भोकं. कुणीतरी एकेक भोक बसून टोचलंय, असं सांगून तो पाहुण्यांना आत डोकवायला लावायचा. पाहुणे कंटाळायचे. फिल्टर कॉफीवर वाढलेली अक्का मंडळी त्याच्या हिरव्या चहाला "गवताचं पाणी" म्हणायची. मीही म्हणायचे. पण रोज सकाळी तो अर्धा कप माझ्यापुढे सरकवायचा आणि मी प्यायचे. सगळी चव शेवटच्या थेंबात असते म्हणे, म्हणून किटली उलटी धरून तो थेंब माझ्याच कपात पाडायचा.

एरवी मऊ माणूस, पण एक नियम कडक. किटल्यांना साबण लावायचा नाही. नुसतं गरम पाणी, मग पालथ्या घालायच्या. ही माती चहा पिते, म्हणायचा. लाल किटलीत बारा वर्षं एकाच जातीचा चहा झाला होता. तिच्यात नुसतं उकळतं पाणी ओतलं तरी चहाचा वास येई. मी ठरवलं होतं, सगळे आपापल्या घरी गेले की लाल किटलीत पाणी ओतायचं आणि त्याचा चहा प्यायचा. त्या दहा दिवसांत मला हवीशी वाटलेली ही एकच गोष्ट.

"ह्या मातीच्या नव्हे?" अक्कांनी विचारलं. "सुतकातली माती घरात ठेवत नाहीत."

"मातीच्या नाहीत," मी म्हटलं. "कपबशांसारख्याच आहेत, पक्क्या भाजलेल्या."

अक्कांनी लाल किटलीवरून बोट फिरवलं. "हौदा? असं होय? मग बाकीच्यासारख्या घासून घे."

खोटं बोलले होते, ते आता निभावणं आलं. फेकण्यापेक्षा धुतलेल्या बऱ्या, दगडापेक्षा वीट मऊ, असं मनाशी म्हणत मी मोरीवर बसले. चिंच, साबण, काथ्या. अक्का शेजारीच उभ्या, त्यामुळे हात हलका ठेवण्याचीही सोय नव्हती. लाल किटलीतून आधी तपकिरी पाणी आलं, मग पिवळट, मग स्वच्छ. बारा वर्षं मोरीतून वाहून जाताना मी बघत होते, आणि तेव्हाही मला काही वाटलं नाही.

सगळे गेल्यावर पाणी ओतलं. लिंबाच्या साबणाचा वास आला. चहा करून पाहिला, तोही साबणाचा. मग रोज उकळतं पाणी घालायचं, ओतायचं, पालथी घालायची. पंधरा दिवस गेले, किटली साबण सोडेना.

पहिल्या मासिक श्राद्धाला अक्का आल्या. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "त्याचा तो चहा कर." आयुष्यात पहिल्यांदाच. मी लाल किटलीत केला. त्यांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साबण लागतो गं."

"मातीच्याच आहेत, अक्का. मी खोटं बोलले."

"ते मला गोत्तु होतं. हात लावल्यावर माती कळत नाही होय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, हिला ठेवायच्या आहेत, ठेवू दे. ठेवायच्या तर घासून ठेवायच्या, एवढंच मला माहीत. घासायच्या नाहीत, हे तू सांगायचं नव्हे?"

सांगायला हवं होतं. एवढंसं वाक्य. पण अठरा वर्षांत मी अक्कांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही शहाण्या सुनेसारखं काम भागवून नेलं. माझी मलाच चीड आली. महिन्याभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं.

अक्कांनी कप पुन्हा उचलून पुढे केला. "ओत उरलेला."

मी झाकणावर बोट धरून ओतला, किटली उलटी केली आणि थांबले. शेवटचा थेंब अक्कांच्या कपात पडला. मग मला रडू आलं.