पेडलवरचा पाय

ठिणगीताईच्या गॅरेजसमोर गाडी थांबवली की लोक आधी तिचा चेहरा बघायचे, मगच इंजिन बंद करायचे. चेहरा बरा दिसला तर काम सांगायचं. नाहीतर "जरा हवा बघून घ्यायची होती" असं पुटपुटत पुढे सटकायचं. हे नाव तिला शेजारच्या वेल्डरने दिलं होतं. "माझ्या मशीनमधून दिवसभरात उडत नाहीत तेवढ्या ठिणग्या हिच्या तोंडून सकाळच्या चहाआधी उडतात," असं तो म्हणायचा. अर्थात, तिच्या माघारी. पन्नाशी उलटलेली बाई, केस आखूड कापलेले, चष्मा बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवलेला. नवरा छापखान्यात कामाला. संध्याकाळी तो स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा, अंदाज घेत शिरायचा.

पण हात असा, की ज्यांना तिची जीभ सोसत नसे तेही गाडी तिच्याकडेच आणत. चारही चाकांनी दगडधोंडे चढणाऱ्या गाड्यांचे गिअरबॉक्स आणि क्लच, एवढंच ती करायची. बाकी काही सांगितलं तर म्हणायची, "इंजिन-बिंजिन दुसरीकडे न्या, माझं डोकं खाऊ नका."

त्या दुपारी तिचं डोकं खायला तिचा सख्खा भाऊ आला. तोही ट्रॅक्टरला दोर बांधून, ओढला जात.

दादा साठीकडे झुकलेला. खाणीमागच्या डोंगरावर ज्या वस्त्या आहेत त्यांना रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. दगडांची चढण, मधे ओढा, पुन्हा चढण. शाळेच्या बाई, नर्स, औषधांचे खोके, आजारी माणसं, सगळं वर-खाली व्हायचं ते दादाच्या जुन्या गाडीतून. वर्षानुवर्षं. त्या चढणीवर गाडी घालायची तर दादानेच, असं सगळे म्हणायचे आणि दादाही म्हणायचा.

गाडी पुरती थांबायच्या आत तो ओरडायला लागला. "बघा, बघा लोकहो! हिने बसवलेला क्लच! उन्हाळा काढला नाही त्याने! भर चढणीवर गाडी मागे यायला लागली, आत चार माणसं!"

गल्लीतले सगळे बाहेर आले. वेल्डरने डोळ्यांवरची काच वर केली.

"आवाज खाली कर," ठिणगीताई म्हणाली.

"का करू? याआधीचाही तूच बसवलास, तोही जळाला. त्याच्याआधीचाही. माणसाने किती वेळा विश्वास ठेवायचा?"

तिचं रक्त उसळलं. या माणसाने, ज्याने तिला वयाच्या चौदाव्या वर्षी सीटवर दोन उशा ठेवून गाडी शिकवली, ज्याच्यामुळे ती या धंद्यात आली, त्याने भर गल्लीत तिच्या हाताला नाव ठेवावं! पान्यांचा डबा पायाने ओढला आणि गाडीखाली गेली. ठिणगीताई गप्प झाली की वेल्डरही घाबरायचा.

प्रोपेलर शाफ्ट सोडवले, केबल काढली, वेल्डरला हाक मारून दोघांनी मिळून गिअरबॉक्स जॅकवर उतरवला. आत हात घालण्याआधी तिने स्वतःची चूक शोधली. इंजिनाचं तेल झिरपून प्लेटवर आलंय का? कोरडं. बोल्ट सैल राहिले होते का? एकूण एक घट्ट. पेडलला वर मोकळीक ठेवली होती का? ठेवली होती, तिने स्वतः मोजून. मग तिने क्लचप्लेट उजेडात धरली. दोन्ही बाजूंचं लायनिंग जळून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. ज्या चाकाला प्लेट चिकटते त्या फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग. आणि प्रेशर प्लेटच्या मधल्या पट्ट्या, ज्यांच्यावर बेअरिंग फक्त पेडल दाबल्यावर टेकायला हवं, त्या घासून घासून आरशासारख्या झालेल्या.

याचा अर्थ एकच होता. पेडलवर पाय सतत टेकलेला. दाबलेला नाही, सोडलेलाही नाही, नुसता ठेवलेला. क्लच धड पकडत नाही, धड सुटत नाही, घसरत राहतो, तापतो, जळतो.

ती गाडीखालून बाहेर आली आणि ती प्लेट तिने दादाच्या पायांपाशी आपटली.

"पेडल म्हणजे पाय ठेवायचा पाट आहे का?"

"काय?"

"पाय ठेवून गाडी चालवतोस तू! आरामात! मला शिकवताना गुडघ्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ मारायचास, पाय काढ, पाय काढ म्हणून. आणि स्वतः?"

दादाचा चेहरा लालबुंद झाला. "चाळीस वर्षांत माझा पाय फुकट पेडलवर राहिला असेल तर सांग! तुझं काम कच्चं, आणि खापर माझ्यावर?"

"खोटं बोलतोयस!"

"तू खोटं बोलतेस!"

बहीण-भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात की काय, असं वाटून वेल्डर मध्ये येऊन उभा राहिला. त्यालाही दोघांनी मिळून झापलं.

नवीन क्लच आणायला दोघं एकत्र गेली खरी, पण रस्त्याच्या दोन कडांनी. जळकी प्लेट तिने पोत्यात घालून घेतली होती. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने दादाला ओळखलं आणि सगळ्यात चकचकीत खोका आधी काढला. "शर्यतवाले हाच लावतात, साहेब. लायनिंगऐवजी तांब्याची बटणं आहेत. तुम्ही जळाल, हा जळणार नाही."

"हाच दे," दादा म्हणाला.

"हा नको," ठिणगीताई म्हणाली.

"गाडी माझी आहे."

"आणि मान कोणाची मोडणार आहे? हा क्लच पकडला की एकदम पकडतो, हिसका देऊन. ओल्या दगडावर गाडी इंचाइंचाने सरकवायची असते, उडवायची नसते. मागे म्हाताऱ्या बायका बसतात तुझ्या. आणि याचं पेडल दाबायला बैल लागेल."

दुकानदार हसला. तिने त्याच्याकडे पाहिल्यावर हसायचा थांबला. मग तिने दुसरे दोन खोके उघडायला लावले. एका प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा हलवल्यावर खुळखुळल्या; ती तिने बाजूला सारली. दुसरी जुन्या प्लेटवर ठेवून घेर जुळवला, मधले दाते जुळवले, लायनिंगवर नख ओढून पाहिलं. साधा, गाडी बनवणाऱ्यांनी मुळात दिलेला असतो तसा क्लच. "हा. प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही यासोबतच. जुनं बेअरिंग परत टाकायला मी काही वेडी नाही."

"हाही जळाला तर?" दादाने विचारलं.

"तर तुला त्याच्यासोबत जाळीन."

दुसऱ्या दिवशी तिने क्लच बसवला. फ्लायव्हील घासून आणलं, प्लेट मधोमध आली की नाही ते लाकडाच्या दांड्याने दोनदा पाहिलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. गिअरबॉक्स वर चढवताना तो अडला, तेव्हा तिने त्याला, दादाला, वेल्डरला आणि गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मग तो खट्कन बसला. तिने पेडलची मोकळीक मोजली आणि दादाला बोलावून मोजपट्टी त्याच्या नाकाला लावली. "बघितलीस? नंतर म्हणू नकोस."

आणि ती स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसली. "चल. खाणीमागची चढण. मला बघायचंय."

दादाने गाडी काढली, ती झकास. हात तोच, जुना; दगड कुठे उजवीकडे ठेवायचा, कुठे अंगावर घ्यायचा, सगळं बरोबर. पहिल्या चढणीवर त्याने गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी चढायला लागली. ठिणगीताई रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या डाव्या पायाकडे बघत होती.

बूट पेडलवर होता. पेडल दोन बोटं खाली गेलेलं. इंजिनाचा आवाज वाढत होता, वेग तेवढा वाढत नव्हता.

पकडला! तिला आतून जवळजवळ आनंद झाला. "पाय काढ," ती म्हणाली.

"काढलाय."

"दादा, पेडलवरून पाय काढ."

"अगं काढलाय म्हणतोय ना! खाली आहे पाय!"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दादा खोटं बोलला की नाक चोळतो. लहानपणी याच एका खुणेवर तिने त्याला आईकडून कितीदा मार खायला लावला होता. आता त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर समोर होती, आणि कपाळावर आठी होती ती खरं बोलणाऱ्या माणसाची. त्याला खरंच वाटत होतं, पाय खाली आहे.



"गाडी थांबव."

"आता भर चढणीत..."

"थांबव म्हणते ना!"

त्याने हँडब्रेक ओढला. तिने उतरून मागच्या चाकांना धोंडे लावले, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याचा घोटा धरून पाय पेडलवरून उचलला. "हा कुठे होता? सांग, कुठे होता हा?"

दादा स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसा बघत राहिला.

तिने बूट ओढून काढला. बुटातून हरभऱ्याएवढा खडा बाहेर पडला. मोजा टाचेला चिकटला होता; सोडवला तेव्हा खाली जखम निघाली, चांगली खोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. कोणत्याही माणसाने किंचाळून घर डोक्यावर घेतलं असतं अशी. दादा म्हणाला, "हे कधी झालं?"

"मला विचारतोस? पाय कोणाचा आहे?"

"जरा झोपल्यासारखा वाटतो. मागच्या थंडीपासून. वय झालं की..."

"मागच्या थंडीपासून!" ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या दगडावरचे पक्षी उडाले. "अवघडलेल्या बायका या गाडीतून खाली येतात! नर्स बसते! शाळेच्या बाई बसतात! आणि तू पाय झोपलेला घेऊन ओढ्यात गाडी घालतोस? वरून गल्लीत उभा राहून माझ्या नावाने बोंब मारतोस?"

"ब्रेक तर उजव्या पायाने मारतो ना मी," दादा हळू आवाजात म्हणाला.

"आणि तो झोपला तर? तो तुला सांगून झोपणार आहे?"

तिने त्याला हाताला धरून पलीकडच्या सीटवर बसवलं आणि गाडी स्वतः खाली आणली. उतरताना दोनदा तो म्हणाला, "खालचा गिअर टाक." दोन्ही वेळा बरोबर होता, म्हणून तर तिला अधिकच राग आला.

घरी वहिनी दारात उभी होती. मोज्याकडे पाहून तिचा चेहरा उतरला. "वन्सं, मोज्यांना रक्त असायचं हो," ती म्हणाली. "मला वाटलं, बूट चावतोय. एकदा विचारलं तर अंगावर धावून आले."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हीही धावून आला असतात."

ठिणगीताईने बूट वहिनीच्या हातात दिला आणि गाडी तशीच दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली, कित्येक वर्षांची असावी. पायांच्या नसा त्या साखरेने खाल्लेल्या. डावा जास्त, उजव्याची सुरुवात. जखम हाडापर्यंत गेली नव्हती म्हणून पाय वाचला. गाडी मात्र बंद. "किती दिवस?" दादाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दिवस मोजू नका." दादाने त्यांनाही सुनावलं.

पट्टी सुटली तसा तो गॅरेजवर आला, काठी टेकत. "हाताने दाबायचा क्लच बसवून दे. दांडा गिअरच्या बाजूला. तू त्या एका पायाच्या माणसाला करून दिला होतास."

"दिला होता."

"मग?"

"त्याचा दुसरा पाय जागा होता."

"परक्याला करून देशील, भावाला नाही!"

"नाही!" हातातला पाना तिने फरशीवर फेकला. खरं तर तो दांडा कुठे बसेल, केबल कशी वळेल, हे त्याने वाक्य संपवायच्या आतच तिच्या डोक्यात जुळून आलं होतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. "नाही करणार. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंस तर गाडीच्या चारही चाकांची हवा रोज येऊन सोडीन. जा!"

गाडीवर वहिनीने एका निवृत्त ट्रॅक्टरवाल्याला ठेवलं. साधा, सावकाश माणूस. पाय जागच्या जागी ठेवणारा. तो क्लच अजून चालू आहे, पेडल लोण्यासारखं. दादा ते कबूल करत नाही. तो तिच्याशी बोलायचाही बंद झाला, गॅरेजसमोर येऊन बसायचा आणि वेल्डरला म्हणायचा, "त्या बाईंना सांगा, तो जॅक चुकीच्या जागी लावलाय." वेल्डर सांगायचा. ती वेल्डरला म्हणायची, "त्या गृहस्थांना सांगा, आपला चष्मा पुसा."

पण डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पाय रोज कुणीतरी तपासायला हवेत. भेगा, फोड, लाल डाग. आणि अधूनमधून डोळे मिटायला लावून, त्यांनी दिलेल्या नायलॉनच्या ताठ, बारीक दोऱ्याने टोचून पाहायचं, कुठे समजतंय, कुठे नाही. वहिनीला तो जवळ येऊ द्यायचा नाही. म्हणून गॅरेज बंद करून ठिणगीताई जायची. हात साबणाने दोनदा धुवायची, चष्मा लावायची, आणि जमिनीवर बसून त्याची टाच मांडीवर घ्यायची. तो भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचा.

"डोळे मीट," एका संध्याकाळी ती म्हणाली. किती दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलत होती.

त्याने मिटले.

"लागतंय?"

"लागतंय," दादा म्हणाला. "अंगठ्याला. स्पष्ट."

ठिणगीताईच्या हातातला दोरा अजून हवेतच होता. तिने वर पाहिलं. दादा नाक चोळत होता.

"अरे लबाडा!" ती ओरडली. आतल्या खोलीतून वहिनी धावत आली. "अजून हात लावला नाही मी! कोणाला फसवतोस? मला की स्वतःला?"

"मग आधी सांगून लाव ना!"

"सांगून लावलं तर तपासणी कसली?"

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतायत!"

"ऐकू देत! गल्लीत ओरडलास तेव्हा कोणी ऐकत नव्हतं का?"

वहिनी दोघांकडे बघत उंबऱ्यात टेकून उभी राहिली. दादाने पाय मागे घेतला नाही. ठिणगीताईने त्याची टाच पुन्हा मांडीवर नीट ठेवली, दोरा बोटांत धरला आणि दातओठ खात म्हणाली, "डोळे मीट. पुन्हा."