मशिदीच्या पायरीवरच्या चपला

शेगावहून निघालो तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची फ्रेम मी मांडीवरच धरली होती. मोताळ्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. शेजारच्या बाईंनी विचारलं, "देव हाय का आत?"

"नाही, चाचा आहेत," मी म्हटलं. त्या जरा सरकून बसल्या.

आमच्या घरात माझा पदवीचा फोटो आईनं देवांच्या रांगेत लावला आहे. कुणाचा फोटो भिंतीवर लावावा, याहून मोठा मान मला माहीत नव्हता.

रोहिणखेडची जुनी मशीद मी पहिल्यांदा पाहिली ती हिवाळ्यात. काळा दगड, कमानी, त्यांवर कोरलेली अक्षरं. वजू (नमाजाआधी हातपाय धुणं) चालू होतं, म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवला. तिथे झाडलोट करणारे नबीचाचा भेटले. म्हणाले, "दगडाचे खुशाल काढ. मानसाले इचारून काढजो. नमाजातल्याले तर इचारूबी नोको."

सगळे आत गेल्यावर मी बाहेरून पायरीचा एक फोटो घेतला. नंतर चाचांनी घरी नेलं. मी शेगावचा, म्हणून चाचींनी वांग्याची भाजी कोऱ्या भांड्यात केली, आणि वाढण्याआधी माळकरी आहे का तेही विचारलं. निघताना त्यांची मुलगी शबाना हळूच म्हणाली की उन्हाळ्यात लग्न होऊन ती बऱ्हाणपूरला जाणार, आणि आधार कार्डावरचा सोडला तर अब्बांचा एकही फोटो नाही. लेकीसाठी चाचा ओट्यावर बसले. मी फोटो काढला.

तोच फोटो मोठा करून, मढवून आणला होता. कागद सोडला तशी शबाना हरखली, मग अब्बांकडे बघू लागली. चहा गाळता गाळता चाचींचा हात थांबला. शेवटी चाचाच बोलले.

"लय झ्याक काढला, बाबू. पन आमी घरात मानसाचा फोटो टांगत नाही. नमाज पढतो ना त्या खोलीत. तिच्या सासरीबी तसंच."

विचारून फोटो काढला होता, विचारून मढवला नव्हता. शबाना म्हणाली, फोटो पेटीत कपड्यांखाली ठेवीन. पण फ्रेम तिच्या हातून सुटेना.

मी पिशवीतले त्याच मापाचे बाकीचे फोटो पुढे केले. कमानी बघता बघता ती एका फोटोशी थांबली. पायरीवर चपलांची रांग, माणूस एकही नाही. तिनं कडेच्या जोडावर बोट ठेवलं.

"ह्या अब्बाच्या. निळ्या दोऱ्यानं अंगठा मीच शिवला होता."

चाचांनी फ्रेमचे खिळे स्वतःच उचकटले. फोटो बदलून काच पुसत म्हणाले, "घ्या! बाप पेटीत, अन् चपला भिंतीवर." चाची हसल्या आणि ओढणीनं डोळे टिपायला लागल्या.

परतताना मांडी रिकामी होती. घरी आल्याबरोबर आईनं विचारलं, आवडला का फोटो. मी सगळं सांगितलं. ती माझ्या पदवीच्या फोटोकडे बघत बसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "चपला दिसल्या की बाप आतच हाय, असं वाटत राहीन पोरीले."