शीड दादाचं, सुकाणू माझं

मला दुरुस्तीची खोड आहे. पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांची पिठाची चक्की. चालू असलेली वस्तूसुद्धा मी उघडून बघतो आणि मग बायकोची बोलणी खातो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शिडाची छोटी होडी घेतली, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, घरातल्या वस्तू तरी वाचतील."

होडी अलिबागला बंगला बांधलेल्या एका मुंबईकराची. त्याची हौस फिटली आणि ती माझ्याकडे आली. भरती बघून रविवारी सकाळी आम्ही ती रेवदंड्याच्या खाडीत काढायचो, मी आणि दादा. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी नोकरीसाठी गाव सोडलं, तो भातशेती सांभाळत तिथेच राहिला.

पूल होईपर्यंत आमचे वडील याच खाडीत होडी चालवायचे. नारळ, सुपारी, पेंढा, बाजार करून परतणाऱ्या बायका, सगळं त्या एका होडीत. तिला लावलेल्या मोरी माशाच्या तेलाचा उग्र वास आमच्या शाळेच्या कपड्यांनाही यायचा आणि त्यावरून वर्गात चिडवाचिडवी व्हायची. आज तो वास कुठे मिळाला तर मी छाती भरून घेईन. होडीतल्या जागा ठरलेल्या असत. थोरल्याने डोलकाठीपाशी उभं राहायचं, धाकट्याने सुकाणूपाशी बसायचं. वारा वाढला की वडील हाक मारत आणि दादा शीड थोडं खाली घेऊन त्याचा खालचा भाग गुंडाळून बांधून टाकी. मी मागे सुकाणू धरून राजासारखा बसलेला असे. ते दिवस आठवले की मला अजूनही गलबलून येतं.

नव्या होडीतही आम्ही न बोलता त्याच जागा घेतल्या. गेल्या दिवाळीनंतर एकदा वारा अचानक वाढला. शीड आखूड करायला दादा उठला, डोलकाठीपाशी पोचला आणि त्याचा गुडघा मुडपला. तो बाहेरच जायचा, मी सदऱ्याला धरून आत ओढला. तो हसत होता. मी मात्र होडी तशीच काठाकडे वळवली. आता कुणी उठायचं नाही, शीड बसल्या जागेवरून आखूड झालं पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

दोन आठवडे मी त्यातच होतो. शीड चढवायचा दोर कप्पीतून वळवून मागे आणला. शिडाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला, थोड्या उंचीवर, एकेक भोक होतं. त्यांतून दोन दोर ओवून, मागचा दोर शिडाखालच्या आडव्या काठीवरच्या दुसऱ्या कप्पीतून घेऊन, तेही बसायच्या जागेपर्यंत आणले. ते ओढले की शिडाचा खालचा भाग त्या काठीवर बसायला हवा होता. बसला, पण पोट सुटल्यासारखा. मी वैतागून दोर बदलले, गाठी बदलल्या. दादा काठावर बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "मागची कप्पी चार बोटं मागं सार. शीड खाली येतंय, पण मागं ताणत न्हाय." सारली, आणि शीड परीटघडीसारखं सपाट झालं.

पुढच्या रविवारी वारा वाढला तसा दादा सवयीने उठला. मी बसल्या बसल्या एक दोर सोडला, दोन ओढले. "बघ," मी फुशारकीने म्हटलं, "उठायचं कामच नाही." दादा खाली बसला.

त्यानंतर तो आलाच नाही. एका रविवारी गुडघा, एका रविवारी पाहुणे, तिसऱ्या वेळी कारणही नाही. एकट्याने होडी काढायला माझं मन होईना. मला वाटलं, आपण याचं काम काढून घेतलं. दोन कप्प्या लावून थोरल्या भावाला पेन्शनीत काढलं. स्वतःचा फार राग आला.

मी त्याच्या घरी गेलो. तो पडवीत वाल सोलत बसला होता.

"दादा, कप्प्या काढून टाकतो. शीड तूच बांध."

"कशाला? काम चांगलं झालंय."

"मग येत का नाहीस?"

त्याने चार वाल सोलले. "शिडापाशी उभं राहायची मला हौस हाय, असं कुणी सांगितलं तुला?"

लहानपणापासून मी तेच धरून चाललो होतो.

"बाबा म्हणायचे, थोरला हाय, अंगात जोर हाय, शीड त्याच्याकडं. बरं. आता तुझे दोर बसल्या जागी आले. जोराचं काम न्हाय राहिलं. मला वाटलं, आता तरी म्हणशील."

"काय म्हणेन?"

"की दादा, जरा सुकाणू धर."

रविवारी मी माझी जागा त्याला दिली आणि दोर हातात घेऊन पुढच्या फळीवर, मागे तोंड करून बसलो. होडी नागमोडी चालली होती. मी दोनदा सूचना केली, तेव्हा त्याने मला गप्प बसवलं. मी बसलो. सुकाणूपाशी बसून जन्मभर मला दादाची पाठच दिसली होती. चालत्या होडीत त्याचा चेहरा कसा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.